व्हिएतनाममध्ये आठ दिवस : नर्सिंग शिक्षणातल्या भागीदारीच्या शोधात

अबोली

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात एकोणीस वर्षं शिकवते आहे. गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्या, कम्युनिटी हेल्थ शिकवणाऱ्या सहकारी आणि मी अशा तिघी आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. हनोई, तिथून नव्वदेक किलोमीटरवरचं नाम दिन्ह, आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी. काम एकच, तिकडच्या नर्सिंग कॉलेजांशी काही टिकाऊ नातं जोडता येतं का ते बघणं. इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिएतनामच का, हा प्रश्न आमच्या संस्थेतही विचारला गेला. पाश्चात्त्य देशातल्या एका कॉलेजाबरोबरचा सामंजस्य करार आमच्या कपाटात आहे. सह्या झाल्या, फोटो निघाले, वर्षभराने दोन्हीकडचे ई-मेल थांबले. तिकडची माणसं चांगली होती, पण त्यांच्या वॉर्डात एका नर्सकडे मोजके पेशंट आणि आमच्याकडे रात्रपाळीला एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. त्यांनी शिकवलेलं आमच्या मुली परीक्षेत लिहितात, पण वॉर्डात करू शकत नाहीत. म्हणून या वेळी जिथले वॉर्ड आपल्यासारखे भरलेले असतात, डेंगी, क्षयरोग, मधुमेह हे नेहमीचे पाहुणे असतात, आणि तरीही नर्सिंग शिक्षण झपाट्याने बदलतं आहे, असा देश बघायचं ठरवलं.

तिथली रचना थोडक्यात. पदवी चार वर्षांची, आपल्या बी.एस्सी. नर्सिंगसारखी. तीन वर्षांचा कॉलेज डिप्लोमा, हा साधारण आपला जनरल नर्सिंगचा डिप्लोमा, जीएनएम. पूर्वी दोन वर्षांचा अभ्यासक्रम करूनही नर्स होता यायचं, पण ती पातळी आता बंद होत आली आहे, आणि जुन्या नर्सेसना नोकरी सांभाळून वरची पात्रता मिळवावी लागली आहे. आपल्या पी.बी.बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमानंतरची पदवी, करणाऱ्या सिस्टर जशा नाइट करून सकाळी लेक्चरला येतात, तसंच तिथेही चालतं. नाम दिन्हचं नर्सिंग विद्यापीठ हे त्या देशातलं पहिलं नर्सिंग विद्यापीठ. साठच्या दशकापासूनच्या तिथल्या वैद्यकीय शाळेचं २००४ मध्ये विद्यापीठ झालं. नर्सिंगच्याच नावाने उभं असलेलं विद्यापीठ, हे वाचूनच मला बरं वाटलं होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आपण मेडिकल कॉलेजच्या मागच्या इमारतीत असतो.

सगळ्यात मोठा बदल कायद्यातला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी नवा वैद्यकीय तपासणी व उपचार कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. त्यानुसार नर्सिंगचा परवाना जन्मभराचा राहिला नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शिवाय परवान्याआधी क्षमता तपासणारी राष्ट्रीय परीक्षा, डॉक्टरांसाठी २०२७ पासून आणि नर्स व मिडवाइफसाठी २०२८ पासून. त्यामुळे तिथली प्रत्येक नर्सिंग शिक्षिका सध्या एकाच विचारात आहे : कौशल्य मोजायचं कसं? आम्ही आमच्या ऑस्कीच्या, म्हणजे एकेक कौशल्य करून दाखवायच्या परीक्षेच्या, चेकलिस्ट घेऊन गेलो होतो. त्या टेबलावर ठेवल्या आणि तास कसा गेला कळलं नाही. पाहुण्यांसमोर होणारं औपचारिक बोलणं तिथेच संपलं. मग पेन काढून दोन्हीकडच्या बायका 'इंजेक्शन देण्यापूर्वी पेशंटचं नाव विचारलं' या एका ओळीला किती गुण द्यायचे यावर बोलत बसल्या.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला, ते सांगते. एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात आम्हाला दुपारी नेलं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, अर्धांगवायूच्या. खाटेशेजारी प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर त्यांची सून, मांडीवर भाताच्या पेजेचा थर्मास. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आली, आजींच्या तोंडाजवळ वाकली आणि बोलायला लागली. दुभाष्या मुलीने हळूच सांगितलं, ती स्वतःला 'नात' म्हणते आहे. बीपी घेतलं, पाठ बघितली, माकडहाडाजवळ लाल झालं होतं. मग तिने आजींना कुशीवर वळवलं, आणि परत होतं तसं ठेवलं. मला कळेना, परत का ठेवलं? तिने सुनेला उठवलं आणि म्हणाली, आता तुम्ही करा. सुनेने ओढून वळवायला घेतलं. मुलीने तिचा हात धरून खांद्याखाली आणि कमरेखाली नेला, गुडघ्यामध्ये उशी ठेवायला लावली. दुसऱ्यांदा सुनेला जमलं. शिक्षिका मागे उभी होती. सगळं झाल्यावर तिने मुलीच्या वहीत गुण लिहिले. आजींना वळवल्याचे नव्हेत, सुनेला शिकवल्याचे.

मी एकोणीस वर्षं 'रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन', म्हणजे शिकवलेलं परत करून दाखवणं, विद्यार्थिनींकडून घेते. नातेवाइकांकडून घेतलेलं मी माझ्या वॉर्डात कितीदा बघितलं? राउंडच्या वेळी आपण 'चला, बाहेर थांबा' म्हणून नातेवाईक हाकलतो, आणि रात्री त्याच नातेवाइकाच्या हातात युरिनची पिशवी रिकामी करायला देतो, न शिकवता. विमानात परत येताना माझ्या डोक्यात हेच होतं.

त्यांना आपल्याकडून काय हवं आहे? इंग्रजीतून नर्सिंग शिकवण्याचा सराव, आणि आपली कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीत घरोघरी जाऊन केलेलं काम. घरभेटीची कम्युनिटी बॅग आणि ती स्वच्छ वापरायची रीत, बॅग टेक्निक, आमच्या सहकाऱ्यांनी करून दाखवली. वर्तमानपत्र पसरणं, आधी हात धुणं, मगच बॅग उघडणं. तिथल्या शिक्षिकांनी मोबाइलवर सगळं चित्रित करून घेतलं. कुटुंबाच्या आरोग्य नोंदींच्या फॅमिली फोल्डरचा नमुनाही मागून घेतला.

काय जमणार नाही, तेही कळलं. विद्यार्थिनींची देवाणघेवाण म्हणजे हातात हात घालून वॉर्डात काम, असं आपण समजतो. भाषेशिवाय ते शक्य नाही, आणि पेशंटच्या दृष्टीने योग्यही नाही. फार तर दोन आठवडे निरीक्षण आणि स्किल लॅब. शिक्षिकांची देवाणघेवाण मात्र जमेल. त्यामुळे आम्ही करार न करता एक साधं पत्र लिहून आलो : पहिल्या वर्षी दोन शिक्षिका तिकडून, दोन इकडून, प्रत्येकी तीन आठवडे, विषय एकच, नातेवाइकांना शिकवणं.

तुमचे अनुभव, शंका, सूचना जरूर लिहा.

गोदाकाठ

अबोली, छान लिहिलंस. मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे स्पष्ट बोलते. नातेवाइकाला शिकवणं चांगलंच, पण हाच रस्ता पुढे घसरणीचा होतो. आज वळवायला शिकवलं, उद्या नाकातून पोटात जाणाऱ्या रायल्स ट्यूबने फीड द्यायला सांगितलं, परवा नर्सची पदं भरायचीच नाहीत. माझ्या नोकरीत मी एका मुलाने वडिलांना आडवं ठेवून ट्यूबमधून दूध घातलेलं बघितलं आहे. दूध फुप्फुसात गेलं की काय होतं ते तुला सांगायला नको. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की डोकं वर हवं. तुझ्या व्हिएतनामी बायांनी सीमारेषा कुठे आखली आहे?

अबोली

@गोदाकाठ, मावशी, हाच प्रश्न मी तिथे विचारला. २०२१ मध्ये त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयातल्या शुश्रूषेबद्दल परिपत्रक काढलं आहे. त्यात पेशंटच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचा पेशंट म्हणजे गंभीर, त्याचं सगळं नर्सने करायचं. दुसऱ्या पातळीला नर्स करणार, पेशंट जमेल तेवढं करणार. तिसऱ्याला पेशंट स्वतः, नर्स सांगणार. पातळी कोणती हे डॉक्टर आणि नर्स मिळून ठरवतात आणि केसपेपरवर लिहितात. प्रत्यक्षात गंभीर पेशंटचंही बरंच काम घरची माणसं करतात, हे तिथल्या शिक्षिकांनी न लपवता सांगितलं, कारण माणसं कमी आहेत. पण कागदावर रेघ आहे, त्यामुळे विद्यार्थिनी ती वाचून विचारू शकते की हे नातेवाइकाने का केलं.

तुमच्या त्या मुलाच्या गोष्टीने गलबलून आलं. माझा मुद्दा तोच आहे. तो मुलगा ते करणारच होता, फक्त डोकं वर ठेवायचं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ट्यूब फीडिंग मात्र मी शिकवण्याच्या यादीत घेणार नाही. वळवणं, तोंडाची स्वच्छता, हात धुणं, पाणी किती दिलं याची नोंद, आणि धोक्याची लक्षणं दिसली की हाक मारणं, एवढंच.

मेकाँगकाठी

अबोलीताई, मी गेली अकरा वर्षं हो ची मिन्ह सिटीत औषध कंपनीत नोकरी करतो. इथे जुने लोक अजून सायगॉनच म्हणतात. धागा वाचून आनंद झाला. तुमच्या पुढच्या गटासाठी काही गोष्टी लिहितो.

एक, ती मुलगी स्वतःला नात का म्हणत होती. इथे 'मी' आणि 'तू' असे सरळ शब्द रोजच्या बोलण्यात फारसे चालतच नाहीत. समोरच्याचं वय बघून आजी, काका, मोठी ताई, धाकटा असं नातं धरायचं आणि स्वतःलाही त्याच नात्याने म्हणायचं. वृद्ध बाईला 'बा', म्हणजे आजी, आणि स्वतःला 'चाऊ', म्हणजे नातवंड. इकडे दक्षिणेत 'चाऊ'ऐवजी 'कॉन', म्हणजे लेकरू. चुकीचं नातं धरलं तर बोलणंच अडतं. शिक्षिकेला 'को' म्हणतात, पेशंटसुद्धा नर्सला 'को' म्हणतात. आपल्याकडे वॉर्डात आजी, काका, ताई असतं तसंच, फक्त इथे व्याकरणच तसं आहे.

दोन, सूर. 'चाओ' हा शब्द सूर खाली नेऊन म्हटला तर नमस्कार, वर नेऊन म्हटला तर पेज. पेशंटला नमस्कार करायला जाल आणि तो पेज मागवेल. 'को दाउ खोम' म्हणजे दुखतंय का? एवढं एक वाक्य तुमच्या शिक्षिकांनी आधी घोटून घ्यावं. पेशंटच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो.

तीन, वेळा. साडेअकराला जेवण, मग दीड वाजेपर्यंत सगळे आडवे होतात, कार्यालयातही चटया असतात. त्या वेळात भेट ठेवू नका. टेटच्या, म्हणजे इथल्या चांद्र नववर्षाच्या, आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस काहीही हलत नाही. २० नोव्हेंबर हा शिक्षक दिन आणि २७ फेब्रुवारी हा वैद्यांचा दिवस, त्या दिवशी भेटकार्ड पाठवलं तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात. १९५५ च्या २७ फेब्रुवारीला हो ची मिन्ह यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं होतं, तेव्हापासूनचा हा दिवस. 'वैद्य मायाळू आईसारखा असावा' ही त्यातली ओळ बहुतेक रुग्णालयांच्या भिंतीवर तुम्ही बघितली असेल.

चार, पत्ते. १ जुलै २०२५ पासून इथले प्रांत ६३ वरून ३४ झाले आणि जिल्हा ही पातळीच रद्द झाली. नाम दिन्ह आता निन्ह बिन्ह प्रांतात आहे. संस्थेच्या नावातलं नाम दिन्ह तसंच आहे, पण पत्रावर जुना प्रांत लिहिलात तर सरकारी कागद परत येतात. माझ्या कंपनीचे दोन आले.

जुनी_मुंबई

फार सुंदर धागा. नर्सिंगमधलं मला काही कळत नाही, पण या दोन ठिकाणांमधला एक जुना धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अबोलीताई, हनोईत किंवा सायगॉनमध्ये 'येरसँ' नावाचा रस्ता दिसला असेल. अलेक्सांद्र येरसँ, जन्माने स्विस, पाश्चरच्या संस्थेतला. १८९४ मध्ये हाँगकाँगला त्याने प्लेगचा जंतू शोधला, त्या जंतूला आज त्याच्याच नावाने ओळखतात. पुढचं आयुष्य त्याने व्हिएतनाममध्ये, मुख्यतः न्या चांग या शहरात काढलं आणि १९४३ मध्ये तिथेच देह ठेवला. वसाहतवाद्यांची नावं व्हिएतनामने रस्त्यांवरून पुसली, याचं ठेवलं. १९०२ मध्ये हनोईत जी वैद्यकीय शाळा निघाली, आजचं हनोई वैद्यकीय विद्यापीठ, तिचा पहिला प्रमुख हाच.

आता आपल्याकडचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या मार्चमध्ये येरसँ प्लेगवरच्या उपचाराचा आपला सीरम घेऊन मुंबईत उतरला. इथे त्या सीरमला अपेक्षेइतकं यश आलं नाही, तो परतला, आणि त्याच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये, १० तारखेला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं होतं. एकीकडे जंतू शोधणारा माणूस सीरमची कुपी घेऊन मुंबईत, दुसरीकडे दीडशे किलोमीटरवर एक बाई रुग्णाला पाठीवर घेऊन चाललेली. तुमच्या विद्यार्थिनींना व्हिएतनामबद्दल सांगायला सुरुवात करताना हे सांगता येईल.

अबोली

@जुनी_मुंबई, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. येरसँचा रस्ता आम्ही ओलांडला होता, कुणाचं नाव ते विचारलंही नाही. शपथविधीच्या भाषणात मी दर वर्षी नाइटिंगेल सांगते. यंदा सावित्रीबाईंची ही बाजू आणि हा मार्च महिना सांगणार.

@मेकाँगकाठी, पत्त्याची सूचना लाखमोलाची. आमचं पत्र जुन्याच पत्त्यावर गेलं आहे. उद्याच दुरुस्ती करते.

संध्याछाया_ठाणे

माझ्या मुलीला बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे. एका एजंटने सांगितलं की व्हिएतनाममध्ये एमबीबीएस स्वस्तात होतं, आणि नाही जमलं तर तिथेच नर्सिंगला बदली करून देऊ. तुम्ही जाऊन आला आहात, कसं आहे सांगाल का?

अबोली

@संध्याछाया_ठाणे, ताई, एमबीबीएसचं मी अधिकाराने सांगू शकत नाही, पण दोन गोष्टी नक्की तपासा. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशी पदवी किमान ५४ महिन्यांची, इंग्रजी माध्यमातली हवी, तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता हवी. आणि व्हिएतनामच्या नव्या कायद्यात परदेशी माणसाला तिथे पेशंट तपासायचे तर व्हिएतनामी भाषा यावी लागते. हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवा आणि एजंटला लेखी उत्तर मागा.

'नर्सिंगला बदली' हे ऐकून मात्र मला वाईट वाटलं. नर्सिंग ही एमबीबीएस न जमलेल्यांची जागा नाही. मुलीला मनापासून नर्सिंग करायचं असेल तर महाराष्ट्रातच चांगली कॉलेजं आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा, कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का ते बघा, आणि एकदा त्या रुग्णालयात संध्याकाळी जाऊन विद्यार्थिनींना भेटून या. मुलीला घेऊन जा.

ओसाकाहून

मी कोल्हापूरचा. जपानमध्ये वृद्धाश्रमात केअरगिव्हर म्हणून काम करतो, चौथं वर्ष. माझ्याबरोबर चार व्हिएतनामी मुली आहेत, त्यातल्या दोघी तिकडे नर्सिंग शिकलेल्या. जपानचा व्हिएतनामशी नर्स आणि केअरगिव्हर आणण्याचा करार आहे, पहिली तुकडी २०१४ मध्ये आली. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या तुकड्या आधीपासून येत होत्या, पण व्हिएतनामच्या वेळी एक अट कडक केली : एक वर्ष मायदेशातच जपानी शिकून एन-थ्री ही मधल्या पातळीची भाषा परीक्षा पास व्हायची, मगच विमानात बसायचं. त्यामुळे या मुली पहिल्या दिवसापासून आजोबांशी बोलतात, आणि जपानची राष्ट्रीय केअर परीक्षाही बहुतेक पहिल्या फेरीत पास होतात. मी आलो तेव्हा मला 'पाणी हवंय का' एवढंच येत होतं. एका आजोबांनी रात्री तीनदा 'इताई' म्हटलं, म्हणजे दुखतंय. मला ते पोटात दुखतंय की छातीत हे विचारता येईना. व्हिएतनामी सहकारी धावत आली. तिने विचारलं, छातीत होतं. आजोबा वाचले.

अबोलीताई, भागीदारी करणार असाल तर त्यांच्याकडून हे आधी शिका. मुलींना परदेशी पाठवायचंच असेल, जर्मनी म्हणा जपान म्हणा, तर भाषा आधी आणि करार नंतर. महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. आपल्या गावाकडच्या पोरी जातील, पण वर्षभर भाषा शिकताना त्यांचा खर्च कोण करणार, हे आधी ठरायला हवं.

गोदाकाठ

@ओसाकाहून, बाळा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तब्येतीला जप.

अबोली, आणखी एक. जपान, जर्मनी दोघेही व्हिएतनामहून नर्स नेत आहेत, आपल्याकडूनही नेत आहेत. म्हणजे ज्या देशाशी तू मैत्री करते आहेस तो आपल्यासारखाच आपल्या मुली बाहेर पाठवणारा आहे. मग दोघींनी बसून एकमेकींना हे तरी विचारावं, की शिकवून तयार केलेल्या नर्सेस गेल्यावर आपल्या स्वतःच्या म्हाताऱ्यांना कोण बघणार?

अबोली

@गोदाकाठ, मावशी, विचारलं होतं. चहाच्या वेळी, टेबलावरचे कागद बाजूला गेल्यावर. तिथल्या विभागप्रमुख म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या हुशार मुली दर वर्षी जपानी क्लासला जातात आणि मी त्यांना शिफारसपत्रं देते. मला त्यांना थांबवायचा अधिकार नाही, पण शिफारसपत्र लिहिताना हात जड होतो. मी म्हटलं, माझाही. त्यांची लोकसंख्या २०२३ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण वेगाने वाढतं आहे. दोन्हीकडे उत्तर कुणापाशी नाही. म्हणूनच नातेवाइकांना शिकवण्याचा विषय आम्ही निवडला. घरी परतलेल्या पेशंटजवळ बसलेलं माणूस तरी तयार असावं.

रानवाटा

मी मेळघाटात आरोग्याचं काम करते. अबोली, तुमचा गट शहरांतल्याच कॉलेजांत आणि रुग्णालयांत गेला का? व्हिएतनामच्या डोंगराळ भागात ह्माँग, दाओ अशा जमातींसाठी जे काम झालं आहे ते मला नर्सिंग शिक्षणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे 'को दो थोन बान' असतात, गावची सुईण म्हणू. त्या जमातीतल्याच, त्याच भाषेत बोलणाऱ्या बाईला सहा महिने रुग्णालयात ठेवून प्रशिक्षण द्यायचं आणि गावात परत पाठवायचं. ही पद्धत नव्वदच्या दशकात सायगॉनच्या तू यू प्रसूती रुग्णालयातून सुरू झाली आणि मग उत्तरेकडच्या डोंगरांत पसरली. २०१३ मध्ये मंत्रालयाने या कामाला रीतसर मान्यता दिली. घाटावरून प्रसूतीला खाली न येणाऱ्या बाईपर्यंत निदान स्वच्छ हात पोचले.

आपल्याकडे याच विचाराची वेगळी वाट आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बाईलाच आरोग्यदूत केलं, नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास बघायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे आशांच्या घरभेटी त्यावरच उभ्या राहिल्या. तिकडे प्रसूती हाताळणारी सुईण, इकडे जन्मानंतर बाळ बघणारी आशा. दोघींना एकमेकींचं अर्धं काम येत नाही. तुमच्या दोन शिक्षिका जाणार आहेत, त्यातली एक तरी डोंगरात जाऊ द्या. आणि त्यांच्या येतील त्यांना धारणीला माझ्याकडे पाठवा. राहायची सोय साधी आहे, पण कोरकू बायका कशा बसून बाळंत होतात हे त्यांना कुठल्याही स्किल लॅबमध्ये दिसणार नाही.

अबोली

@रानवाटा, तुमचा प्रतिसाद मी प्राचार्या मॅडमना वाचून दाखवला. खरं आहे, आम्ही डोंगरात गेलो नाही. आठ दिवसांत शहरं सोडवली नाहीत. आमच्या कम्युनिटीच्या सहकारी मूळच्या पेठ तालुक्यातल्या, त्या लगेच म्हणाल्या, मी जाते. धारणीचं आमंत्रण आम्ही स्वीकारलं असं समजा, फोनवर बोलूच.

बाकी कुणी कॉलेजतर्फे जाणार असेल तर व्यवहाराचं सांगते. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचा २५ डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह दोन्हीकडे थेट विमानं आहेत. दोन देशांच्या बायका एका खोलीत बसल्या की दुभाषी नर्सिंग जाणणारी हवी. आमच्या पहिल्या दिवशीच्या दुभाष्याने 'बेडसोर'चं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचं, भाषांतर करताना खाटेचंच काहीतरी सांगितलं आणि समोरच्या बायका गोंधळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला बसवलं. परदेशात केलेले क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे, तास आपल्या अभ्यासक्रमात धरले जातील असं गृहीत धरू नका. विद्यापीठाला आणि कौन्सिलला आधी लेखी विचारा. आणि पैशांसाठी केंद्र सरकारच्या आयटेक या परदेशी लोकांना प्रशिक्षण देणाऱ्या योजनेकडे बघा. १९६४ पासून चालू आहे, व्हिएतनाम त्यात आहे, तिकडच्या शिक्षिकांना भारतात छोट्या अभ्यासक्रमांना येता येतं.

शाकाहारी मंडळींनी 'आन चाय', म्हणजे शाकाहारी जेवण, हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे कुणी विचित्र नजरेने बघत नाही.

मेकाँगकाठी

ताई, दुभाष्याची अडचण असेल तर तुमचं नातेवाइकांसाठीचं माहितीपत्रक मला पाठवा. माझी बायको इथलीच, तिची बहीण मुलांच्या रुग्णालयात वॉर्डाची प्रमुख नर्स आहे. दोघी मिळून व्हिएतनामीत करून देतील. पेशंटला उद्देशून लिहायचं की सुनेला, तेवढं आधी सांगा, कारण 'तुम्ही' हा एक शब्द चालणार नाही.

अबोली

@मेकाँगकाठी, सुनेला. किंवा लेकीला, किंवा मुलाला. खाटेशेजारी जे कोणी बसलं असेल त्याला. हे कसं लिहायचं ते तुमच्या मेहुणीलाच विचारा, त्यांना माझा नमस्कार सांगा, सूर खाली नेऊन.

मजकूर तयार आहे, एक पान, सहा चित्रं. पहिलं चित्र कुशीवर वळवण्याचं. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी काढलं आहे. त्यात सुनेच्या अंगावर नऊवारी आहे, ते बदलायचं की तसंच ठेवायचं, हे तिकडच्या शिक्षिका डिसेंबरात आल्या की त्यांनाच दाखवून ठरवू. थंडीत येत आहेत, त्यामुळे घोटीच्या आठवडी बाजारातून दोन घोंगड्या आणून ठेवल्या आहेत.